खिडकीसमोरचं मैदान

१२ जुलै १९८४, गुरुवार

आज अण्णांच्या घरी सोसायटीची मीटिंग झाली. अण्णा म्हणजे आमचे चेअरमन. रिटायर झाल्यापासून साहेबगिरी करायला ऑफिस उरलं नाही, तेव्हा ती सगळी आमच्या वाट्याला येते. कारण असं की महापालिकेच्या नव्या आराखड्याचा मसुदा वॉर्ड ऑफिसात लावलाय आणि त्यात आमच्या खिडकीसमोरच्या मैदानावर, पार मिठागराच्या बांधापर्यंत, घरं दाखवली आहेत. साधी घरं नाहीत. अल्प उत्पन्न गटासाठी एकेका खोलीच्या पाचमजली इमारती, अगदी खेटून. चटईक्षेत्रही आमच्यापेक्षा जास्त देणार म्हणे.

"म्हणजे चाळच ना?" तळमजल्यावरच्या सुनंदाबाईंनी विचारलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. पाणी पुरणार नाही, नाला तुंबेल, शाळेत प्रवेश मिळणार नाही. जे खरं प्रत्येकाच्या मनात होतं, ते कुणीच बोललं नाही, की माणसं कसली येतील. मी चहा पीत ऐकत होते. परळच्या असल्याच चाळीत माझं आयुष्य गेलं, लग्न होईपर्यंत. वडील गिरणीत, भाऊ गिरणीत. हे इथे फक्त अण्णांना ठाऊक आहे, तेही आमचे हे, नंदकुमार, एकदा बोलून गेले म्हणून. बाकी कुणाला पत्ता नाही. मी बोलते शुद्ध, टेलिफोन खात्यात ऑपरेटर आहे, आणि नवऱ्याचं आडनाव चांगलं आहे.

शेवटी मीही म्हटलं, "तिसऱ्या मजल्यावर आत्ताच नळाला धार नसते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं, ते का खोटं लिहू?

१५ जुलै

सकाळी अण्णा स्वतः वर आले. हरकती द्यायच्या, मग सुनावणी होणार, तिथे सोसायटीतर्फे कुणीतरी बोललं पाहिजे. "वसुधाताई, ते तुम्हीच करायचं. आम्ही बोललो तर साहेब म्हणतील, आले पांढरपेशे नाकं मुरडायला. तुम्ही त्यातून वर आलेल्या आहात. तुमच्या बोलण्याला वजन आहे. आणि आवाज तर काय, खात्याने पारखून घेतलेला."

त्यातून वर आलेल्या. हे शब्द ऐकून राग यायला हवा होता. मला आला नाही. मी त्यांना आणखी एक कप चहा दिला आणि हो म्हटलं.

नंदकुमार पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बघ बाई, तुझं माहेर आहे ते." मी म्हटलं, माहेराचा काय संबंध? हा नाल्याचा प्रश्न आहे.

२२ जुलै, रविवार

बाळा आला होता, माझा धाकटा भाऊ. कागदात सुके बांगडे घेऊन. दार उघडल्या उघडल्या मी तो पुडा डब्यात कोंबला, झाकण घट्ट लावलं आणि जिन्याकडची खिडकी ओढून घेतली. बाळा ते बघत होता. हसला नुसता. गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली, पण त्याचं हसणं तसंच आहे.

त्याच्याबरोबर आज त्याची बायको जानकी आणि मुलगी सुगंधाही होत्या, म्हणजे काहीतरी विशेष. चहा होईपर्यंत त्याला धीर निघेना.

"गो ताई, एक गजाल सांगाची आसा. चाळीतल्या आमी लोकांनी मिळान सोसायटी केलंव. गिरणीवाल्यांची. हाउसिंग बोर्डान जागा दाखवल्यान. आराखडो पास झालो की आमका देतले. खंय ती सांग बघया?"

त्याने उठून माझ्या पडद्याआडून बोट दाखवलं. मैदानाकडे.

"थंय. तुज्या खिडकीत तू, माज्या खिडकीत मी. हाक मारलंस तर ऐकाक येतला."

जानकी म्हणाली, "वन्सं, सुगंधा तुमच्याकडे अभ्यासाला येईल. तिथे गॅलरीत बसून वाचते पोर, माणसं तिच्या पुस्तकावरून ये-जा करतात." जानकी माझ्याशी नेहमी असं पुस्तकी बोलते, मालवणी बोललं की माझा चेहरा बदलतो असं तिला वाटत असावं. मला तसं कधी जाणवलं नाही.

त्यांची घाई मला ठाऊक आहे. परळची खोली आमच्या चुलतभावाच्या, दशरथच्या नावावर. त्याच्या मुलाचं येत्या मे महिन्यात लग्न. सून घरात आली की बाळाला खोली सोडावी लागणार. जाणार कुठे, याचं उत्तर दोन वर्षं कुणाकडे नव्हतं. आज त्याच्याकडे होतं आणि ते माझ्या खिडकीतून दिसत होतं.

मी म्हटलं, "छान झालं रे."

त्यांना सोडायला जाताना जिन्यात अण्णा भेटले. "पाहुणे वाटतं?" मी म्हटलं, "हो, माहेरकडचे." भाऊ म्हणाले नाही. बाळाने अण्णांना वाकून नमस्कार केला. अण्णांनी मान हलवली आणि नाकाला रुमाल लावला. सर्दी असेल त्यांना.

२४ जुलै

अण्णांना सांगायचं ठरवलं होतं, की मला जमणार नाही. ऑफिसातून येताना वाक्यही तयार केलं होतं. फाटकातच ते भेटले आणि म्हणाले, "तुमचं नाव कळवून टाकलं वॉर्ड ऑफिसात." वाक्य घेऊन मी तशीच वर आले.

एका माणसाच्या बोलण्याने आराखडे बदलत नसतात, असं नंदकुमार म्हणतात. खरं असावं. म्हणजे मी बोलले काय आणि न बोलले काय, बाळाला फरक पडणार नाही.

गणेश चतुर्थी

आमचा गणपती खरा गावचा, चुलत्यांच्या घरी. पण गिरणी बंद पडल्यापासून बाळाला गावी जाणं झेपत नाही, म्हणून परळच्या खोलीतच दीड दिवसाचा आणतो. मी एकटीच जाते. नंदकुमारांना तिथली गर्दी सोसत नाही.

आरती झाली आणि गाऱ्हाणं घालायला बाळा पुढे झाला. वडील गेल्यावर ते त्याच्याकडे आलं. मखरासमोर नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि घरच्या सगळ्यांच्या वतीने देवाकडे मोठ्याने मागायचं. तो एकेक मागणं मागणार आणि मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाने प्रत्येक मागण्याला होकार भरायचा. एकानेही गप्प राहायचं नाही, नाहीतर मागणं अर्धं राहतं असं वडील म्हणायचे.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी तुजी जी काय सेवा केल्यानी ती मान्य करून घे."

"होय म्हाराजा."

"काय चुकलामाकला आसात ता पदरात घे."

"होय म्हाराजा."

"ह्या पोरांच्या डोक्यार छप्पर गावांदे म्हाराजा. ताईच्या शेजाराक आमका जागा होवंदे."

मी म्हटलं. सगळ्यांबरोबर म्हटलं, होय म्हाराजा. माझा आवाज नेहमीच सगळ्यांच्या वर जातो. सुगंधा माझ्याकडे बघून हसली.

आणि मग शेवटची, वडिलांपासून चालत आलेली ओळ. "आणि जर कोणी आमच्या आड इलो आसात, वायट चिंतल्यान आसात, तर त्येचा त्येका परत कर म्हाराजा."

लहानपणापासून ही ओळ मी ऐकतेय. या ओळीला सगळ्यात मोठा होकार यायचा, कारण चाळीत प्रत्येकाला कुणी ना कुणी आड आलेला असतो. आजही आला. त्यात मी होते. तोंडाला सवय असते. पण नंतर अर्धा मोदक मी पानात तसाच ठेवला आणि जानकी विचारत राहिली, "सारण बिघडलं का वन्सं?"

१८ सप्टेंबर, मंगळवार

सुनावणी झाली. लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल.

मुलुंडचा वॉर्ड ऑफिसाचा हॉल भरला होता. पुढे आमची आणि आसपासच्या सोसायट्यांची माणसं, मागे दारापर्यंत कोण कोण उभे. मी मागे बघितलं नाही. परवाच चष्मा लागलाय. टिपण वाचायला तो घातला की लांबचं सगळं पुसट होतं, ते बरंच झालं.

पाणी, नाला, शाळा, सगळं नीट मांडलं. साहेब जांभई देत होते. अण्णांनी मागून हळूच म्हटलं, "तुमचं सांगा ना, तुमचं." आणि मी टिपण बाजूला ठेवलं.

मी म्हटलं, मी अशाच एका खोलीत वाढले. सकाळी संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभी राहिले. माझे वडील गॅलरीत आंघोळ करत. माझ्या भावजयीचं बाळंतपण लुगड्याच्या आडोशाला झालं आणि तिचं ओरडणं ऐकत पुरुष माणसं बाहेर उभी होती. साहेब, एका खोलीत संसार कोंबला की माणसाची लाजच मरते. अशी हजार कुटुंबं तुम्ही आमच्यासमोर आणून ठेवणार. त्यात आता गिरण्या बंद. रिकामे हात काय करतात, ते मला तुम्ही विचारू नका. ही माणसं वाईट नाहीत, पण त्यांच्या शेजारी राहता येत नाही. मी त्यांच्यातलीच आहे, म्हणून सांगते.

साहेबांची जांभई थांबली. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "म्हणजे बाई, त्यांनी राहायचं कुठे?"

मी टिपण चाळत राहिले. उत्तर अण्णांनी उठून दिलं, मुंबईबाहेर मोकळी जमीन पुष्कळ आहे वगैरे.

बाहेर सगळ्यांनी माझा हात हातात घेतला. सुनंदाबाईंचे डोळे भरून आले होते. "किती सोसलंत हो." मला माझी लाज वाटत होती आणि त्याच वेळी कौतुकही आवडत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला आजवर माहीत नव्हतं. जानकीचं बाळंतपण का सांगितलं मी? ते माझं नव्हतंच सांगायचं.

भाऊबीज

बाळा एकटाच आला. जानकीला बरं नाही म्हणाला. सुगंधाचा अभ्यास आहे म्हणाला. पुडा आणला नव्हता, केळी आणली होती.

मी ओवाळलं. तो पाटावर खाली मान घालून बसला होता. मीच धीर करून विचारलं, "तुमच्या त्या जागेचं काय?"

"त्येतून माजा नाव काढून घेतलंय."

मी निरांजन खाली ठेवलं. का रे, म्हटलं. तर म्हणाला, "तुज्या शेजाराक येवन तुका त्रास कित्याक? तुमचा जग येगळा, आमचा येगळा." हसत म्हणाला. मग माझ्या टेबलावरचा चष्मा उचलून बघितला, पुन्हा होता तसा ठेवला. "बोलताना घालूक जाव नको ह्यो. लांबचा माणूस तुका दिसणा नाय मगे."

बाळाचं बोलणं कधीकधी तुटक असतं. पण खरं सांगू, तो गेल्यावर मला एकदम हलकं वाटलं. त्याने स्वतःहून नाव काढलं. आराखड्याचा निकाल काही का लागेना, माझ्यामुळे त्याचं काही गेलं असं आता कुणी म्हणू शकत नाही. रात्री नंदकुमारांना हे सगळं सांगितलं, चष्म्याचंही. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "बोलताना तू चष्मा लावला होतास, हे त्याला कसं कळलं?"

टेबलावरच होता ना, म्हटलं.

९ फेब्रुवारी १९८५

बातमी आली. समोरच्या मैदानावरचं घरांचं आरक्षण उठवण्याची शिफारस झाली. त्या जागी उद्यान. अण्णा पेढे घेऊन घरोघर फिरले आणि संध्याकाळी गच्चीवर मला नारळ दिला. टाळ्या वाजल्या. चाळीतली म्हणून कुणी माझ्याकडे वेगळं बघितलं नाही. उलट पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं हो, तुमच्या बोलण्यात येतंच की मधूनमधून. पण आम्ही कधी मनात ठेवलं नाही." म्हणजे इतकी वर्षं खिडक्या मी कुणासाठी लावत होते?

नारळ देवापुढे ठेवायला हात होईना. फडताळात ठेवलाय.

२७ जून

बाळाने परळ सोडलं. नालासोपाऱ्याला स्टेशनपासून लांब भाड्याची खोली घेतलीय, पाणी विहिरीचं. गोरेगावला एका स्टुडिओत वॉचमन लागलाय. सुगंधाला दहावीला फर्स्ट क्लास मिळाला, कॉलेजचं नक्की नाही. हे सगळं दशरथने ऑफिसात फोन करून सांगितलं. बाळाने नाही.

मी विचारलं, आणि त्या बाकीच्यांचं, सोसायटीवाल्यांचं काय? तो म्हणाला, "कोण गावी गेलो, कोण खंय. जागाच नाय तर सोसायटी कसली?"

फोन ठेवल्यावर माझ्या बोर्डावर दिवे लागत राहिले. मी एकही कॉल जोडला नाही. सुपरवायझर येऊन उभी राहिली, तेव्हा म्हटलं, चक्कर आली.

मैदानात अजून उद्यान नाही. दगडमातीचे ट्रक येऊन रिकामे होतात. खिडकीत उभं राहिलं की त्या ढिगांच्या मधोमध एक खिडकी दिसते, जी तिथे नाहीच. मी पडदा बदलला, जाड घेतला.

गणेश चतुर्थी

जावं की नाही असं आठवडाभर चाललं होतं. बोलावणं आलं नव्हतं. पण गणपतीला माहेरी जायला बोलावणं लागत नाही, असं मनाशी म्हणून गेले. जानकीने दार उघडलं, "या" म्हणाली आणि पाणी दिलं. वन्सं म्हणाली नाही.

खोली परळच्यापेक्षा लहान. जमिनीला ओल. बाळा मखराला कागद चिकटवत होता, वळून म्हणाला, "इलंस? बस." वॉचमनची खाकी पँट खुंटीला होती. दशरथही परळहून आला होता. सुगंधा माझ्याजवळ येऊन बसली. ती कॉलेजला जात नाही, एका दवाखान्यात नंबर देण्याचं काम करते. "नावं पुकारावी लागतात गं आत्या दिवसभर," ती म्हणाली. "घसा बसतो. बाबा म्हणतात, आत्यासारखं बोलायला शिक. मुलुंडच्या त्या हॉलात माइकशिवाय बोलत होती, तरी मागच्या दारापर्यंत शब्दन् शब्द ऐकू येत होता."

"सुगंधा," जानकी म्हणाली. एवढंच.

पोरीला काय चुकलं ते कळलं नाही. मला सगळं कळलं. गिरणीवाल्यांच्या सोसायटीतल्या माणसांबरोबर तो आला होता, मागे दाराशी उभा होता. रांग, डबा, लुगड्याचा आडोसा, रिकामे हात, सगळं त्याने ऐकलं. आणि तरी भाऊबीजेला पाटावर येऊन बसला. मी मात्र वर्षभर स्वतःला सांगत राहिले की त्याने आपणहून नाव काढलं. इतकी मूर्ख मी नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं.

आरती झाली. उठून जावं असं वाटत होतं, पण गाऱ्हाण्यातून कुणी उठत नाही. बाळाने नारळ ठेवला.

"सेवा मान्य करून घे म्हाराजा." "होय म्हाराजा." "चुकलामाकला पदरात घे म्हाराजा." "होय म्हाराजा." "पोराक चांगला शिक्षण, चांगला घर गावांदे म्हाराजा." "होय म्हाराजा."

आता ती ओळ येणार होती. मी मान खाली घातली. येऊ दे, मनात म्हटलं. त्याच्या तोंडून येऊ दे आणि एकदाचं होऊन जाऊ दे.

"आणि म्हाराजा," बाळा म्हणाला, आणि थांबला.

दशरथ थांबला, जानकी थांबली, सुगंधा थांबली. बाळा गणपतीकडे बघत होता, त्याचे जोडलेले हात हलत नव्हते. वडिलांपासून चालत आलेली ओळ. तो विसरणं शक्य नव्हतं. तो ती म्हणत नव्हता.

आणि त्या रिकाम्या जागेत मी म्हटलं, "होय म्हाराजा."

मी एकटीने. माझ्या त्या पारखून घेतलेल्या आवाजात. आख्ख्या खोलीने माझ्याकडे वळून बघितलं. बाळा तेवढा वळला नाही.

जरा वेळाने तो म्हणाला, "चुकलामाकला पदरात घे म्हाराजा." ते तर आधीच म्हणून झालं होतं. तरी तो पुन्हा म्हणाला, अगदी हळू, आणि सगळ्यांनी पुन्हा होकार भरला. जानकीनेही भरला, मी ऐकला. एकानेही गप्प राहायचं नाही, नाहीतर मागणं अर्धं राहतं.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.